जवारी कशाला म्हणावे? संकेश्वरी मिरचीची हकीकत



संकेश्वर किंवा गडहिंग्लजच्या बाजारात मिरची घेताना गिऱ्हाईक आजही आधी विचारते, "जवारी आहे ना?" जवारी म्हणजे गावठी, आपल्या मातीतली. आपल्या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोघीही हा शब्द आपलाच म्हणून वापरतात. पण जिला आपण एवढ्या अभिमानाने जवारी म्हणतो, ती मिरची मुळात समुद्रापलीकडची आहे. परकी वस्तू जवारी कशी होते आणि जवारी झालेली वस्तू हातची कशी जाते, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

मिरचीचे मूळ घर अमेरिका खंडात. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपला कळली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. नव्या पाहुणीला नावही जुन्या घरातलेच मिळाले. मराठीत मिरीवरून मिरची झाली. कन्नडात मिरीला मेणसु म्हणतात, म्हणून ही मेणसिनकायी. कोकणीत ती मिरसांग. १५९० च्या सुमाराच्या 'ऐन-ए-अकबरी'तील पाककृतींत मिरी आहे, मिरची नाही. दक्षिणेत मात्र १५६४ साली निवर्तलेल्या पुरंदरदासांच्या नावावर मिरचीला उद्देशून एक पद सांगितले जाते.

पुढे प्रत्येक टापूने तिला आपले वळण दिले. हावेरीकडे ब्याडगी झाली: रंगाने गडद, तिखटाला सौम्य. तिला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात संकेश्वरी झाली. वीतभर लांब, पातळ सालीची, अंगावर सुरकुत्या असलेली, रंग आणि तिखट दोन्ही राखणारी. कोल्हापुरी चटणीचे नाव जगभर झाले, त्यामागे हिचा मोठा वाटा आहे. आमच्या जैन घरात कांदा-लसूण नाही. त्यामुळे तीळ, सुके खोबरे, धने यांच्या जोडीला चटणीचा सारा भार हिच्यावरच.

ही मिरची पावसावरची. मेअखेर ते जून गादीवाफ्यावर बी टाकायचे, पाच-सहा आठवड्यांचे रोप जुलैत शेतात लावायचे. पाणी साचले की मर लागते. पावसाने ओढ दिली की पाने आकसून बोकड्या येतो. नोव्हेंबरपासून पिकलेल्या मिरचीचे तोडे सुरू होतात. झाडावर फळ एकदम पिकत नाही, म्हणून एकाच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरावे लागते, आणि हे काम बहुतेक बायकांचेच. मग खळ्यावर वाळवण. चार किलो ओल्या मिरचीची जेमतेम किलोभर वाळकी होते. त्यात अवकाळी पावसाची एक सर आली की फळावर पांढरे डाग पडतात आणि भाव निम्म्यावर येतो.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले. गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. मिरचीचे नाव सीमेच्या एका बाजूचे, मोठा सौदा दुसऱ्या बाजूचा. मिरचीला त्याचे काही वाटले नाही. तिचे संकट वेगळ्या वाटेने आले.

माझी आजी बी स्वतः धरायची. शेताच्या कडेची झाडे ती सोडून द्यायची. मधल्या निरोगी झाडांची, सर्वांत लांब आणि सुरकुतलेली फळे वेगळी काढून सावलीत वाळवायची आणि बी राखेत मिसळून मडक्यात ठेवायची. कडेची झाडे का नकोत, हे मला तेव्हा कळत नसे. मिरचीच्या फुलावर मधमाशी शेजारच्या वाणाचे पराग आणते, आणि तो संकर पुढच्या पिढीत फळावर दिसतो. आजीला शास्त्र ठाऊक नव्हते, पण नियम ठाऊक होता.

मी होमिओपॅथीच्या कॉलेजात असताना आमच्या रानात ऊस आला. मिरची बांधालगतच्या चार ओळींवर आली. शेजारी दुसऱ्या वाणाची लागण झाली. दोन-तीन वर्षांत आमची फळे आखूड आणि गुळगुळीत झाली. आजी तोवर थकली होती. मडक्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. घेणारा मी होतो, हे आज मान्य केले पाहिजे. आमच्या घरातले तीन पिढ्यांचे बी कोणी चोरले नाही की दुष्काळात गेले नाही. आम्ही फक्त ते निवडायचे थांबलो.

माझ्या व्यवसायात मिरचीपासून केलेले कॅप्सिकम नावाचे औषध आहे. हानेमान यांनी ते आपल्या ग्रंथात नोंदवले. त्याच्या लक्षणांत एक ठळक लक्षण आहे: घराची ओढ, आणि तिच्यासोबत लाल झालेले गाल. ते वाचताना मला दर वेळी आमचे खळे आठवते.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कधीतरी बाहेरून येऊनच येथे रुजले. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. जवारीपण जन्माने मिळत नाही आणि एकदा मिळाले म्हणून टिकत नाही. ते दर हंगामात निवडावे लागते. तुमच्या गावी कोणाच्या घरी अजून जुने बी असेल, तर मूठभर मागून घ्या, दुसऱ्या मिरचीपासून दूर लावा, आणि पुढच्या वर्षी त्यातले मूठभर आणखी एका घरी द्या. एकाच मडक्यावर विसंबून काय होते, ते मी पाहिले आहे.