खानावळीचे भांडवल

मद्रास शहराच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दक्षिण भागात गिंडी नावाचे एक उपनगर आहे. घोड्यांच्या शर्यती आणि जुने अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे ते पूर्वीपासून प्रसिद्ध होते. १९५८ मध्ये मद्रास सरकारने तेथे औद्योगिक वसाहत उभारली. या वसाहतीमागचा विचार मोठा समंजस होता. लहान कारागिराच्या अंगी कसब असते, गिऱ्हाईकही त्याला मिळते. परंतु जागा, वीज आणि भांडवल यांवाचून तो अडतो. तेव्हा बांधलेली शेड आणि वीज त्याला आयती द्यावी, म्हणजे बाकीचे तो पाहून घेईल.

हाच न्याय लावला, तर त्या काळी मुंबईच्या गिरणगावात एक उद्योग आधीच भरभक्कम चालू होता. फरक एवढाच, की त्याला कोणी उद्योग म्हणत नव्हते. लेथला यंत्र म्हणत, शेगडीला म्हणत नसत. त्या शेगडीची कथा आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून तरुण मुंबईकडे लोटले. बहुतेक जण एकटेच आले. बायकामुले गावी राहिली. एका खोलीत दहा-पंधरा जण, कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. एक उठला की त्याच जागेवर दुसऱ्याने पथारी टाकावी. अशा माणसाला स्वयंपाक कोठून जमणार? चाळीतलीच एखादी बाई त्याला जेवू घालू लागली. हीच खानावळ. तिला पाटी नव्हती आणि टेबलखुर्चीही नव्हती.

या बाया कोण होत्या? कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाचा नवरा आजारी. काही तर पूर्वी स्वतःच गिरणीत होत्या. १९३० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचा वाटा सुमारे पाचवा होता. पुढे पाळ्या वाढल्या. रात्रपाळीला स्त्रियांना कायद्याने मज्जाव होता, आणि बाळंतपणाचा भत्ता देण्यापेक्षा पुरुष ठेवणे मालकांना परवडू लागले. स्त्रिया गिरणीतून ओसरल्या. गिरणीच्या दाराबाहेर त्यांना जे काम मिळाले, ते आत राहिलेल्यांना जेवू घालण्याचे.

खानावळीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, वीस माणसे जेवतात. रोज दोन वेळा, तीस दिवस. म्हणजे बाराशे ताटे. एखाद्याचे खाडे वजा करा. ही सारी ताटे आधी वाढावयाची आणि पैसे कामगाराचा पगार झाल्यावर घ्यावयाचे. पगारही महिना संपल्यावर काही दिवसांनी व्हावयाचा. म्हणजे ज्वारी-तांदूळ, डाळ, तेल, कोळसा या सर्वांसाठी महिन्याहून अधिक काळाचे भांडवल त्या बाईच्या पदरी हवे. ते नसे. मग वाण्याची उधारी वाढे, भाव तो सांगेल तो पडे, आणि वाणी थकला की सावकार उभा राही. मंगळसूत्र आणि तांब्यापितळेची भांडी गहाण पडत. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणाऱ्या हाताला जे सुटे, ते व्याजात जाई. आमच्या मते येथे एक गोष्ट विसरली जाते. महिनाभर जेवण उधार देणारी ही बाई गिरणी कामगाराची सर्वांत मोठी धनको होती. आणि तिची स्वतःची पत मात्र शून्य!

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान माणसाला कर्ज मिळावे हा त्याचा एक घोषित हेतू होता. पण सही न येणाऱ्या बाईने बँकेची पायरी चढावी कशी? १९७३-७४ च्या हिवाळ्यात गिरण्यांचा दीर्घ संप झाला आणि खानावळवाल्यांचे ओझे उघडे पडले. पगार बंद, तरी ताट बंद करणे त्यांच्या जिवावर येई. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ मध्ये १४ बायकांपासून अन्नपूर्णा महिला मंडळाचा आरंभ झाला. युक्ती साधी होती. गहाण ठेवावयास दागिना नाही, तर बायकांनी गट करून एकमेकींसाठी जामीन राहावे. शेजारणीचा चुलीवरचा हात कसा आहे, हे तिच्याइतके बँकेच्या कोणत्या अधिकाऱ्याला ठाऊक असणार? सावकाराच्या जागी बँक आली.

पण गिऱ्हाईक तेच राहिले, आणि तेथेच धोका होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. माणसे गावी परतली, आणि ज्यांच्याकडे त्यांची महिन्यांची बाकी होती, त्या बाया रिकाम्या पातेल्यांपाशी राहिल्या. कर्ज मिळाले म्हणजे धंदा तगतो, हा समज तेथे पुरता फिटला. मंडळाने तोवर जेवण पुरविण्याचा धंदा हाती घेतला होता. दादरच्या सामायिक स्वयंपाकघरातून कचेऱ्यांकडे जेवण जाऊ लागले. एकेका चुलीचे काम एका भटारखान्यात आले. पुढे २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

गिरणगावात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. गिंडीतही औद्योगिक वसाहतीच्या शेडांशेजारी संगणक-कंपन्यांची कार्यालये झाली. दुपारी तेथे सांबारभात आणि दहीभात लागतोच. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला पैसे जागच्या जागी मिळतात. कार्यालयाला ठेक्याने जेवण पुरविणाऱ्या नवख्याचे मात्र तसे नाही. त्याचे बिल महिना भरल्यावर जाते, ते तपासले जाते, मग मंजूर होते. आणि तोवर तांदूळ, भाजी, गॅस आणि हाताखालच्या माणसांचा पगार त्यालाच भागवावा लागतो.