पाणंद, नदीकाठ आणि दीड इंची टायर

नकाशावर पारगाव शोधायला बसलो की एक सापडत नाही, अनेक सापडतात. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे. ‘तर्फ’ हा परगण्याखालचा जुना महसुली विभाग. तर्फा केव्हाच मोडल्या, पण गावांच्या नावांत त्या टिकून राहिल्या. जुन्नरच्या पट्ट्यात नद्यांच्या खोऱ्यांनाही अशीच जुनी नावे आहेत. मीना नदीचे ते मीननेर, घोड नदीचे ते घोडनेर. ही दोन खोरी जिथे एकत्र येतात, ते आंबेगावातले पारगाव. आज बाहेरच्यांना ते भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे गाव म्हणून ठाऊक असते. मला ते ठाऊक झाले संगमाचे आणि वाटांचे गाव म्हणून.

गेली काही वर्षे मी इथून वरच्या अंगाला, कधी घोड नदीच्या तर कधी मीनेच्या काठाने, सायकलीवर हिंडतो आहे. डांबरी रस्ता टाळायचा आणि मुरमाच्या, मातीच्या, कालव्याच्या भरावावरच्या वाटा धरायच्या, एवढाच नियम. या प्रकाराला हल्ली ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २००६ साली खडीच्या रस्त्यांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, तिथून या खेळाचा बोलबाला वाढला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. रुंद टायर, त्यात हवा जरा कमी, आणि खाचखळग्यांत न डगमगणारा सांगाडा, ही या सायकलीची लक्षणे. टायरची रुंदी साधारण ४० मिलिमीटर.

हा आकडा वाचला तेव्हा मला घरची जुनी काळी सायकल आठवली. सळईचे ब्रेक, मागे भक्कम कॅरियर, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. तिच्या टायरवर २८ × १½ असे छापलेले असे. आंतरराष्ट्रीय मोजमापात याच टायरची नोंद ४०-६३५ अशी होते. म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर! परदेशात ‘नवा’ म्हणून विकला जाणारा टायर आमचे दूधवाले कित्येक पिढ्या फिरवत होते.

यात योगायोग थोडा आणि इतिहास जास्त आहे. दोन्ही चाके सारखी आणि साखळीने मागचे चाक फिरणारी सायकल इंग्लंडात १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ या नावाने बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तेव्हा इंग्लंडातले रस्तेही धुळीचे, खडीचेच होते. त्या रस्त्यांसाठी जी दणकट सायकल घडली, तीच पुढे हिंदुस्थानात आली. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. (१९४९), सोनीपतची अॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) या कारखान्यांनी तोच साचा देशभर पोचवला. पश्चिमेत रस्ते गुळगुळीत झाले, तशा सायकली हलक्या झाल्या, टायर बारीक झाले. आपल्या खेड्यांतले रस्ते तसेच राहिले, म्हणून आपली सायकलही तशीच राहिली. जिला आपण मागासलेली म्हणत होतो, ती रस्त्याला साजेशी होती.

पण चाकाच्याही आधी वाट असते. जुन्नरच्या वाटांचा सर्वांत जुना लेखी पुरावा नाणेघाटात आहे. कोकण आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या या घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. त्याच लेण्यात सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. पुतळे गेले, त्यांच्यावरची नावे मात्र वाचता येतात. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. या वाटेने माल जाई तो बैलांच्या पाठीवरून, गाडीतून नव्हे. पुढे १८३० साली बोरघाटातून चाकाचा रस्ता झाला, १८६३ साली तिथूनच रेल्वे वर चढली, आणि व्यापार तिकडे वळला. नाणेघाट पायवाटच राहिला.

जुन्नर परिसरातल्या लेण्यांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. त्यांतल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, कासार यांच्या श्रेणी भेटतात. दान देणारे यवनही भेटतात. मला सर्वांत जवळचा वाटतो तो अडुथुम नावाच्या शक उपासकाचा लेख. त्याने जमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे लावून दिले, ते करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी या भागात कोणी झाडांसाठी कायम ठेव ठेवत होते, ही गोष्ट उन्हात सायकल ढकलताना विशेष पटते.

पारगावाहून घोड नदीच्या उगमाकडे जावे, तसा प्रदेश पालटत जातो. खाली ऊस, मधे घोडेगावच्या आसपास भात आणि बाजरीची सरमिसळ, वर डिंभे धरणाचे पाणी. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. परदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत चाकाखाली गेलेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने गाव या पाण्याखाली आहे आणि त्याच्या वाटाही. आणखी वर आहुप्याची देवराई लागते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर या राखलेल्या जंगलांचे मोल शहरी वाचकांना कळले. देवराईत सायकल न्यायची नाही, ती कडेला ठेवायची. इथली वाट पायांची आहे.

आता मूळ मुद्दा. मागच्या हिवाळ्यात गावनकाशावर दिसणारी नदीकाठची एक गाडीवाट धरून मी निघालो आणि अर्ध्या कोसात उसात अडकलो. बांधावर एक म्हातारे बाबा बसले होते. “बाबा, इथून रस्ता होता ना?” त्यांनी काठीने उसाकडे दाखवले. “रस्ता हाय की. पण उसात हाय.”

ते बरोबर बोलत होते. गावनकाशावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ फूट धरतात. हे विचित्र अपूर्णांक आले कुठून? मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी तेहेतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो एक गुंठा, १०८९ चौरस फूट. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. ही मोजणीपद्धत रुजली तीही याच पुणे जिल्ह्यात. इंदापूर तालुक्यात १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिचा पाया घातला. गुंठा आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याच साखळीने मोजलेली वाट मात्र विस्मरणात गेली.

वाट बुजते, त्याला कोणी एक दुष्ट माणूस लागत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी, म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे यांनी, या कोरड्या शेतांना पाणी दिले. पाणी आले तसा ऊस आला आणि प्रत्येक हात जमिनीला मोल आले. दर नांगरटीला बांध वीतभर सरकतो. बैलगाडी गेली तशी गाडीवाटेची रोजची राखणही गेली. उसाबरोबर बिबट्याही वस्तीजवळ आला, त्यामुळे उरलेल्या वाटांवर पहाटे आणि तिन्हीसांजेला माणूस जाईनासा झाला. मीही त्या वेळी उसाच्या मधून सायकल घालत नाही.

कायदा वाटेच्या बाजूने आहे. १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ने बांधावरून वाट मागता येते. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आणली. पाणंद पक्की झाली की मला हवा तो मुरूम जाईल, हे खरे. पण भर पावसात ट्रॅक्टर चिखलात रुतलेल्या शेतकऱ्याला मी माझ्या हौसेसाठी चिखल जपायला सांगणे शोभणार नाही.

इंग्लंडातल्या सायकलस्वारांची हकीकत इथे आठवावी. १८८६ साली त्यांनीच पुढाकार घेऊन रस्तेसुधारणेची संघटना काढली. रस्ते सुधारले, मग त्यावर मोटारी आल्या आणि सायकलवाले कडेला गेले. त्यांनी पृष्ठभाग मागितला आणि तो त्यांना मिळाला, पण वाट हातची गेली. आपल्याकडे मागणी वाटेच्या हक्काची हवी. वर मुरूम असो की काँक्रीट, ती साडेसोळा फूट सगळ्यांची राहिली पाहिजे. चालणाऱ्याची, गुरांची, शाळेच्या पोरांची आणि शेवटी माझ्यासारख्याचीही.

नाणेघाटात पुतळे गेले आणि नावे राहिली. गावनकाशातही तसेच चालले आहे, वाटा जाताहेत आणि रेघा राहताहेत. फरक इतकाच की ते पुतळे पुन्हा उभे करता येणार नाहीत. वाटा येतील. या दिवाळीत गावी जाणाऱ्यांनी तलाठी कार्यालयात गावनकाशा पाहावा, तुटक रेघा मोजाव्यात आणि त्यांतली एक तरी चालून यावी. जिथे रेघ उसात शिरते, तिथून पुढचे संशोधन तुमचे.