सुरक्षिततेचे माप आणि कारागिराचा हात

कोणताही कायदा वाचताना मी प्रथम एक गोष्ट पाहतो : तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते? मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेचे कायदे या प्रश्नातून सहसा सुटतात, कारण मुलांच्या जिवाबद्दल दुमत असू शकत नाही. म्हणूनच त्यांचा इतिहास नीट तपासला पाहिजे.

अमेरिकेत शिशाच्या रंगावर १९७८ मध्येच बंदी आली होती. तरीही २००६ साली मिनियापोलिस येथे चार वर्षांचे एक मूल बुटांबरोबर मिळालेले शिशाचे लटकन गिळून मरण पावले. २००७ मध्ये मॅटेल या बलाढ्य कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी परत मागवावी लागली. त्यांतील अनेकांच्या रंगात शिसे होते. लोकक्षोभ उसळला आणि १४ ऑगस्ट २००८ रोजी नवा कायदा झाला. मुलांच्या वस्तूंतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६००, मग ३०० आणि २०११ मध्ये १०० भागांवर आणली गेली. वस्तू बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणे सक्तीचे ठरले.

हेतू निःसंशय योग्य होता. पण माप कारखान्याचे होते. समजा, एका नमुन्याच्या चाचणीला दहा हजार रुपये पडतात. एक लाख खेळणी काढणाऱ्याला दर खेळण्यामागे दहा पैसे पडतील. घरी बसून पन्नास बाहुल्या शिवणाऱ्या बाईला दर बाहुलीमागे दोनशे रुपये. शिवाय चाचणीत नमुना नष्ट होतो. जिने एकच गोधडी शिवली, तिने तपासायचे काय आणि विकायचे काय? कायदा दोघांना समान होता. समानतेचे ओझे मात्र समान नव्हते.

घरगुती कारागीर संघटित झाले. १० फेब्रुवारी २००९ या अंमलाच्या दिवसाला त्यांनी ‘राष्ट्रीय दिवाळखोरी दिन’ म्हटले. तत्पूर्वीच आयोगाने बऱ्याच चाचण्यांची सक्ती वर्षभर लांबवली होती. त्याच वर्षी मॅटेलच्या स्वतःच्या प्रयोगशाळांना आयोगाने मान्यता दिली. जिच्या खेळण्यांमुळे कायदा झाला तिला आपला माल आपणच तपासण्याची मुभा, आणि लाकडाची गाडी घडवणाऱ्याने बाहेरची फी भरायची! अखेर ऑगस्ट २०११ मध्ये कायदा सुधारला. दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल आणि एका वस्तूचे ७,५०० पर्यंत नग असणाऱ्यांना बाहेरच्या काही चाचण्यांतून सूट मिळाली. शिशाच्या रंगाची चाचणी मात्र कोणालाच सुटली नाही.

आपल्याकडे २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना, तसेच चन्नपट्टण, कोंडापल्ली यांसारख्या भौगोलिक निर्देशन मिळालेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांना सूट मिळाली.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. तेथे सूट कामाच्या आकारावर आहे. येथे ती ओळखीवर आहे. नोंदणी जात विचारत नाही, हे खरे. पण परंपरेचा शिक्का नसलेली, वस्तीत चिंध्यांच्या बाहुल्या करणारी, ओळखपत्र नसलेली बाई कोठे बसते? जन्माने दिलेले काम सोडून ज्यांनी नवे काम हाती घेतले, त्यांच्यापाशी सांगायला परंपरा नसते. ती नसणे हीच त्यांची कमाई आहे.

आणि सूट म्हणजे संरक्षण नव्हे. बिनतपासणीचे स्वस्त खेळणे शेवटी गरिबाच्याच पोराच्या तोंडात जाते. तो विषारी रंग आधी कारागिराच्या बोटांना लागतो. चामडे चुन्यात भिजवणाऱ्याच्या हातांची सालपटे निघाली, तेव्हा चप्पल तपासली गेली असेल. हात कोणी तपासले?

म्हणून माझी मागणी सवलतीची नाही. रंग ज्या कारखान्यात तयार होतो तेथेच तो तपासा. घटकाची चाचणी पुरेशी मानण्याची वाट अमेरिकेच्या आयोगाने २०११ मध्येच मोकळी केली. लहान उत्पादकाच्या चाचणीचा खर्च सरकारने उचलावा. मुलाचा जीव ही साऱ्या समाजाची जबाबदारी असेल, तर तिचे बिल एकट्या कारागिराच्या नावे फाडता येणार नाही.