शिपाई, रयत आणि महाबळेश्वरचा डोंगर

महाबळेश्वरला आपण जातो ते हवा खायला. माल्कम पेठेतून हिंडताना, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या न्याहाळताना, ही पेठ मुळात आजारी शिपायांसाठी वसली हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. 1824 साली लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला. 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गोऱ्या सोल्जरांसाठी येथे इस्पितळ घातले. पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह झाला. महाराजांनी डोंगरावरची जागा द्यायची आणि मोबदल्यात कंपनीने वाईकडचे खंडाळा गाव द्यायचे, असा तो व्यवहार. साताऱ्याहून वर येणारी सडकही महाराजांनीच बांधविली होती. एवढी आगत-स्वागत झाली, आणि 1839 मध्ये त्याच कंपनी सरकारने महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडले! फौज पाहुणी म्हणून आली तरी तिच्यामागे कोणाचा हुकूम चालतो, हे पाहावे लागते ते असे.

वर आलेल्या माणसांना ताजी भाजी हवी. 1834 ते 1864 या काळात येथे एक तुरुंग होता; त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. त्यांनी रस्ते केले, बटाटे लावले, भाजीचे मळे फुलविले. साहेबाच्या ताटातली भाजी अशी बेडीतल्या माणसांनी पिकविलेली होती.

भाजीवरून एका पत्राची आठवण होते. महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावर उभे राहिले की समोर प्रतापगड दिसतो. 1656 साली जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकडून तो बांधून घेतला. त्यापलीकडे कोकण. त्या कोकणात, चिपळूणच्या बाजूला, राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांच्या घोडदळाची छावणी पडली होती, आणि तिथल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. पावसाळा तोंडावर होता. महाराज बजावतात की, साठवलेले दाणे आणि वैरण आताच बेताबाताने वापरा. सगळे आधीच उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई गावात शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. असे झाले म्हणजे जे कुणबी घर धरून राहिले आहेत तेही उठून जातील, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे हवे ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवे जळत ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जाते.

हे पत्र महाराजांच्या प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून आपण नेहमी सांगतो, आणि ते खरेच आहे. पण मला त्यात अधिक दिसतो तो छावणीचा चोख हिशेब. त्या घोडदळातला शिपाई कोणी परका नव्हता, बरे का! बहुतेक कोणा तरी कुणब्याचाच मुलगा. तरीही नात्यागोत्याच्या भरवशावर महाराज स्वस्थ बसले नाहीत. भुकेल्या घोड्याला स्वराज्य कळत नाही आणि ज्याला शिधा मिळत नाही त्या शिपायालाही फार दिवस कळत नाही. म्हणून आधी कोठाराची काळजी, मग उपदेश.

त्याआधी, 1662 मध्ये, मोगलांची धाड येणार अशी खबर लागताच रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेध्यांना त्यांनी लिहिले ते असेच. गावोगाव फिरून रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली सुरक्षित जागी न्या. हयगय केलीत आणि माणसे शत्रूच्या हाती लागली तर ते पाप तुमच्या माथी, अशी त्यातली ताकीद. मुलूख राखायचा म्हणजे कोणाला राखायचे, हे यावरून कळते.

पुढे याच सातारा मुलखातली मुले इंग्रजांच्या पलटणीत भरती झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. ज्या सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरविले, त्या सरकारसाठी. पोटासाठी गेले की पराक्रमाच्या परंपरेने गेले, हा वाद घालणे मला अवघड वाटते. दोन्ही खरे असावे. स्वातंत्र्यानंतर 1961 साली देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात निघाली, आणि पुढच्याच वर्षी चीनच्या आक्रमणात याच भागातले यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. अपशिंग्यात मात्र शाळेची वाट कोणी पाहिली नव्हती. तिथे बापाच्या मागून मुलगा पलटणीत जात राहिला, आणि आजही लोक त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात.