एकट्याने फिरत काम करायचंय? पुढचं गाव फोनवरून कसं निवडायचं

"आता पुढे कुठे?" हा प्रश्न मला दर दीड-दोन महिन्यांनी पडतो. मी वसईजवळच्या कामणची. व्हिडिओंना मराठी आणि हिंदी सबटायटल करून देणं हे माझं काम. काम लॅपटॉपवर आणि लॅपटॉपचं इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवर, त्यामुळे बसायला जागा मिळाली की ऑफिस तयार. एखाद्या गावात महिनाभर राहायचं, मग घरी आईकडे यायचं, मग पुढचं गाव. अशा लोकांना आता डिजिटल नोमॅड म्हणतात. हा शब्द त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ च्या पुस्तकामुळे रुळला, म्हणजे आपल्या हातात स्मार्टफोन यायच्या बऱ्याच आधी.

ऐकायला छान वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात मी एक गाव निव्वळ रीलवर भाळून निवडलं. समुद्रकिनाऱ्यावर रेंज मस्त, खोलीत शून्य. तिसऱ्या रात्री लाईट गेली, काही तासांनी टॉवरही बंद पडला. दोन फाइल्स उशिरा गेल्या आणि माझ्या महिन्याच्या कमाईतला जवळपास अर्धा वाटा देणारं काम हातातून गेलं. गावाचा काही दोष नव्हता, मी विचारायचं तेच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी जी पद्धत वापरते ती इथे लिहिते आहे.

आधी एक शीट उघडा

जगभरातल्या शहरांची तुलना करणारी नोमॅड लिस्ट ही वेबसाइट २०१४ मध्ये पीटर लेव्हल्स या डच तरुणाने सुरू केली. तिची सुरुवात एका साध्या स्प्रेडशीटपासून झाली होती. ती शीट त्याने सगळ्यांना भरायला खुली ठेवली आणि लोकांनी आपापल्या शहराचे आकडे भरले. अडचण एवढीच की अशा ठिकाणी बँकॉक, लिस्बन सापडतं, आपलं वाई किंवा देवबाग शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. म्हणून आपली शीट आपणच करायची. गुगल शीट्स फोनवरही चालतं.

माझ्या शीटमध्ये रकाने मोजकेच आहेत : खोलीतला सिग्नल, लाईट, घरी परतायला लागणारे तास, महिन्याचं भाडं, डॉक्टर आणि औषधाचं दुकान किती लांब. 'निसर्गसौंदर्य' हा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. ते रीलमध्ये दिसतंच.

सिग्नल : काड्या मोजू नका, आकडा मागा

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. २जी, ४जी, ५जी कुठे आहे ते त्यात वेगवेगळं दिसतं. पहिली चाळणी म्हणून तो उत्तम. पण नकाशावर रंग आहे म्हणून जाड भिंतीच्या, पत्र्याच्या किंवा डोंगराच्या आडोशाला असलेल्या खोलीत नेट मिळेलच असं नाही.

फोनवर दिसणाऱ्या काड्याही फसव्या. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिम स्टेटस उघडा, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते (काही फोनमध्ये हा पर्याय 'स्टेटस'च्या आत असतो). आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा स्क्रीन उघडतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळ हिशेब असा : -८५ च्या आसपास असेल तर निवांत काम होतं, -१०० ला चालून जातं, -११० च्या पलीकडे गेलं की व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो.

आता हा आकडा आपल्याला घरबसल्या कसा मिळणार? सरळ विचारायचं. मी घरमालकांना हा मेसेज पाठवते, तुम्हीही कॉपी करा :

"काका, नमस्कार. मला महिनाभरासाठी खोली हवी आहे. माझं काम इंटरनेटवर चालतं, म्हणून एक विनंती. खोलीत दार-खिडक्या लावून तुमच्या फोनवर सिग्नलचा आकडा आणि रात्री ९ वाजता स्पीड टेस्ट करून दोन्हीचे स्क्रीनशॉट पाठवाल का? कसं बघायचं ते मी फोनवर सांगते."

बहुतेक जण पाठवतात. काहींच्या घरात तर मुलंच हौसेने करतात. जे टाळतात त्यांच्याबद्दलही आपल्याला काहीतरी कळलेलंच असतं. रात्री ९ का, तर तेव्हा अख्खं गाव मोबाइलवर असतं आणि टॉवरवर सगळ्यात जास्त ताण येतो. स्क्रीनशॉटमध्ये डाउनलोडपेक्षा अपलोड बघा. नेहमीच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला दीड-दोन मेगाबिट अपलोड पुरतं, पण ते सलग मिळायला हवं. आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवाच. जम्मू-काश्मीर किंवा लडाखला जायचा विचार असेल तर आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे कळायला विमानतळावर उतरायची वाट बघू नका.

लाईटबद्दल एकच प्रश्न : इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर राउटर जोडलेला आहे का? दुसरा भाग लोक विचारत नाहीत. घरात पंखा फिरत असतो आणि वायफाय मेलेलं असतं.

फोटो, रील आणि चॅटबॉट

आमच्या कामणजवळचंच उदाहरण देते. चिंचोटीच्या धबधब्याचे रील वर्षभर फिरत असतात, पण पावसाळ्यात दुर्घटना टाळण्यासाठी तिथे जायला बंदीचे आदेश निघतात. रीलमध्ये तारीख नसते, बंदीही नसते. म्हणून गुगल मॅप्सवर जागेचे रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावून वाचा. खोलीचे फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तीच खोली दुसऱ्या गावाच्या नावाने दिसली तर तिथेच थांबा.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, मीही विचारते. पण एकदा त्याने मला एका गावातल्या होमस्टेचं नाव, भाडं आणि वर नाश्त्याचा मेनूही सांगितला. तसा होमस्टे तिथे नव्हताच! त्याच्याकडून प्रश्नांची यादी करून घ्या, उत्तरं माणसांकडून घ्या.

ॲडव्हान्सच्या बाबतीत एवढं पक्कं लक्षात ठेवा : यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे मिळवताना कधीच नाही. "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हटलं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कॉल करा.

परतीचे तास

घरी आई एकटी असते, त्यामुळे हा रकाना माझ्यासाठी सगळ्यात जड. नियम साधा आहे : रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामणला पोचता आलं पाहिजे.

आमच्याकडे कामण रोड स्टेशन आहे, पण वसई रोड–दिवा मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच, त्यामुळे खरा भरवसा वसई रोडचा. २९ ऑगस्ट २०२४ ला सुरू झालेली वांद्रे–मडगाव एक्सप्रेस वसईला थांबते आणि मग कामणवरूनच पुढे पनवेलकडे जाते. आमच्या स्टेशनात थांबत मात्र नाही. गाडी आठवड्यातून दोनदाच, म्हणून तिच्या जोरावर कोकणातलं गाव निवडता येतं, पण तातडीने परतायला ती उपयोगाची नाही. शीटमध्ये मी नेहमी सगळ्यात वाईट दिवसाचा वेळ लिहिते.

व्हेअर इज माय ट्रेन ॲप यासाठी जरूर ठेवा. ते जवळच्या मोबाइल टॉवरवरून गाडीची जागा ओळखतं, त्यामुळे गाडीत बसल्यावर इंटरनेट किंवा जीपीएस नसतानाही चालतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा परतीचा खर्चही आवाक्यात राहतो.

निघण्याआधी आईच्या फोनवर गुगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग सुरू करून देते. पहिल्यांदा मला हे पाळत ठेवल्यासारखं वाटलं होतं. आता तीच दिवसातून दोनदा ठिपका बघते आणि फोन कमी करते. इमर्जन्सी एसओएस कसं सुरू होतं ते आपल्या फोनवर आधी बघून ठेवा, आणि ११२ लक्षात असू द्या.

आता माझं पुढचं गाव

जुलैसाठी शीटमध्ये तीन नावं होती : मालवणजवळचं देवबाग, पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव भिलार आणि वाई. देवबाग मनात पहिलं होतं, पण एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. भर पावसात तिथल्या लाईटवर माझं काम सोपवायची हिंमत होईना. परतीचे तासही जास्त. ते नोव्हेंबरला ढकललं. भिलारला खोली आवडली, स्क्रीनशॉट आला -१०९.

वाई नकाशावर महाबळेश्वरच्या अगदी जवळ दिसते, पण पावसाचं गणित वेगळं आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाट उतरून वाईला आलं की त्याचा थोडासाच हिस्सा. पुण्याला एसटी आहे, डॉक्टर आणि औषधाची दुकानं गावातच. शिवाय मराठी विश्वकोशाचं काम जिथून चालत आलं ते हेच गाव, आणि सबटायटल करताना अडलेला शब्द मी विश्वकोशाच्या वेबसाइटवर कितीदा शोधला असेल, तर तेवढं एक कारण शीटबाहेरचं.

रस्त्याकडच्या खोलीचा आकडा -८८ आलाय, पण तिथे वाहनांचा आवाज आहे. मागच्या खोलीचा स्क्रीनशॉट काकू आज रात्री ९ नंतर पाठवणार आहेत. तो -१०० च्या आत आला तर मागची, नाहीतर कानात हेडफोन घालून रस्त्याकडची.