बळीचा वाटा

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, कोहळा कापून त्यात कुंकू भरतात. हा कोहळा म्हणजे बकऱ्याच्या जागी आलेला बदली कामगार, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

प्राचीन ग्रीसमध्ये बळी खराच असे. देवाला चरबीत गुंडाळलेल्या मांड्यांच्या हाडांचा धूर, मांस माणसांना. प्रॉमिथियसने झ्यूसला असे फसविले, ही कथा हेसिअड सांगतो. आवळा देऊन कोहळा काढला म्हणाना! अथेन्समध्ये तर अथीनादेवीच्या उत्सवात मिरवणुकीला ज्या वस्तीची जितकी माणसे, तितके तिचे मांसाचे वाटे, असा ठराव इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या शिलालेखात आहे. म्हणजे हजेरीपटावर वाटणी! कातडी विकून आलेली रक्कमही सरकारी हिशेबात जमा होई.

आमच्याकडे अनेक गावांत दसऱ्याच्या रेड्यावर पहिला घाव घालण्याचा मान पाटलाचा, मांस महारांचे. मेलेली गुरे ओढण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडा असे सांगितले, तेव्हा गावकीने ठरविलेला वाटाच नाकारला गेला. गाडगेमहाराज (१८७६-१९५६) जत्रांतून बोकड कापू नका म्हणत. कर्ज काढून सण करू नका, हेही त्याच कीर्तनात असे.