पडद्यामागची आपली माणसे

बेने इस्राएलांच्या रंगभूमीचा विषय निघाला की दोन नावे हटकून पुढे येतात. एक जोसेफ डेव्हिड पेणकर, ज्यांच्या नाटकावरून १९३१ साली ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट निघाला. दुसरे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर, म्हणजे ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा. दोघांचा अभिमान आपल्याला आहेच. पण ती पेशाने कलावंत मंडळी. नोकरी सांभाळून, पदरमोड करून ज्यांनी जमातीची नाटके आणि कीर्तने चालवली, त्यांची नावे पुस्तकांत सापडत नाहीत.

आपल्या हौशी रंगभूमीचे मूळ मी कीर्तनात मानतो. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर आदी मंडळींनी १८८० साली मुंबईत कीर्तन सुरू केले. कारण अगदी साधे होते. प्रार्थना हिब्रूत, आणि घरात बोली मराठी. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा बायामुलांना कळाव्यात कशा? तेव्हा शेजारच्या हिंदू बांधवांचा साचा घेतला, साकी, दिंडी, आर्या घेतल्या आणि कथा आपली घातली. पुरीमला ‘होळीचा सण’ आणि रोश हशानाला ‘नव्याचा सण’ म्हणणाऱ्या लोकांना हे अवघड नव्हते. योगायोग असा की त्याच १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे नाट्यपदांच्या चालीही आपल्या कीर्तनांत शिरल्या.

१९५०च्या सुमारास मी मुंबईत शाळकरी मुलगा होतो. आमच्या चाळीत एक गृहस्थ राहत. रेल्वेत कारकून, सगळी मुले त्यांना मामा म्हणत. त्यांनी स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही. ते प्रॉम्प्टर. पण प्रॉम्प्टर म्हणजे काय काय? संहितेच्या नकला हाताने काढायच्या, बाके वाहून आणायची, पेटीवाल्याला वेळेवर हजर करायचे, मोशेची दाढी डिंकाने चिकटवायची आणि प्रयोगानंतर ती सोडवून पुन्हा डब्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी जमाखर्चाचा कागद मसजिदीच्या दारापाशी लागलेला असे. तूट आली तर ती बहुधा त्यांच्याच खिशातून भरली जाई, हे मामींकडून कळे.

त्यांचे खरे काम मात्र वेगळे होते. ‘आंधळ्यांची शाळा’त १९३३ सालीच स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या; आमच्याकडे तरीही एस्तेर राणी म्हणून मिसरूड फुटलेला मुलगाच उभा राही. मामा घरोघर गेले. मुलीला तालमीला मी स्वतः नेईन, स्वतः पोचवीन, असा शब्द देत. एका घरातून तीन वेळा परत आले, चौथ्यांदा गेले. अखेर एका वर्षी एस्तेर मुलगीच झाली. तिच्या आईने पहिल्या रांगेत बसून प्रयोगभर डोक्यावरचा पदर दातांत धरला होता.

साठीच्या दशकात मामा इकडे आले, दिमोनात कारखान्यात लागले. शिफ्ट संपली की तालीम. इथे नवीनच अडचण. मुंबईत ते हिब्रू शब्द देवनागरीत लिहून देत. आता मुलांना देवनागरी येईना, म्हणून मराठी संवाद हिब्रू अक्षरांत लिहू लागले. ‘ळ’ला अक्षरच नाही! त्यांनी लामेदवर तांबड्या पेन्सिलीने टिंब दिले, आणि ‘होळी’, ‘बाळ’, ‘सकाळ’ त्या टिंबावर पाठ करून घेतले. मुले ‘सकाल’ म्हणाली की मामा विंगेतून खाकरत. अर्थ समजावण्याची घाई नसे त्यांना, आधी उच्चार. भाषेचा शिक्षक म्हणून मला ही पद्धत उलटी वाटते, पण त्या मुलांपैकी काही जण आज आजोबा झाले तरी ‘ळ’ चुकत नाहीत.

पुढे आपल्या स्त्रियांनी कीर्तन हाती घेतले आणि आजही त्याच ते चालवतात. नाटके मात्र कमी झाली.

मामांची एक वही त्यांच्या मुलीने माझ्याकडे दिली आहे. चाळीस पानी, कडा कुरतडलेल्या, निळ्या पेन्सिलीने पदे, तांबड्याने प्रवेश. अशा वह्या आणि जुनी हँडबिले आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत असतील. नातवंडांना ती अक्षरे वाचता येत नाहीत, आणि घर बदलताना प्रथम तीच टाकली जातात. कृपया संपादकांना कळवावे. मी येऊन प्रत काढून घेईन, मूळ वही त्याच दिवशी परत करीन.